शिक्षक शाळा कां सोडतात ?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हां नववीच्या वर्गांत गणिताच्या तासाला नवे शिक्षक उभे राहिले. जुने सर कोठें गेले, हें मुलांस कोणीं नीटसें सांगितलें नाहीं. दोनतीन दिवसांनीं मधल्या सुट्टींत त्या वर्गांतील तीन मुली व एक मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभीं राहिलीं. बराच वेळ कोणी बोलेना. अखेर एका मुलीनें विचारलें, "सर, आम्ही फार दंगा करीत होतों म्हणून सर गेले कां ?"

"छे, छे, तसें कांहीं नाहीं," असें म्हणून आम्हीं त्यांस वाटेला लावलें. उत्तर खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. पुढें पालकांच्या सभेंत तोच विषय निराळ्या सुरांत निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, वर उन्हाळ्याची सुट्टी, आणि हा मनुष्य तें सर्व सोडून भावाच्या कृषि केंद्रांत बियाणें विकावयास बसतो! आतां याला काय म्हणावें ?" सभेंत हंशा पिकला. आम्ही तेथेंहि गप्प राहिलों, आणि याची आम्हांस अजून लाज वाटते. त्या दोन्ही वेळीं जें बोलावयाचें राहून गेलें तें येथें लिहीत आहों. आमच्या त्या सहकाऱ्यांची परवानगी घेतलेली आहे. नांव घालूं नये, एवढीच त्यांची अट आहे.

शिक्षकानें शाळा सोडली असें आपण म्हणतों, तेव्हां प्रत्येक वेळीं एकच गोष्ट घडलेली नसते. पुण्यास १ जानेवारी १८८० रोजीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, तेव्हां विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंतील नोकरी सोडूनच त्या कार्यास लागले होते. टिळकांनीं त्या शाळेंत व पुढें फर्ग्युसन कॉलेजांत मिळून दहा वर्षें शिकविलें आणि १८९० च्या अखेरीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. आजीव सभासदांनीं संस्थेबाहेरचीं कामें व बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं, हा त्या वादांतील एक मोठा मुद्दा होता. शिक्षकाचा किती वेळ शाळेचा आणि किती त्याचा स्वतःचा, हा प्रश्न तेव्हांहि एवढा अवघड होता कीं त्यापायीं जिवाभावाचे सोबती दुरावले. आगरकर मात्र तेथेंच राहिले, आणि १८९५ सालीं, चाळिशीहि न गांठतां, कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतांनाच वारले. आपल्या शेजारच्या जळगांव जिल्ह्यांत अमळनेर आहे. तेथील प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी १९२४ पासून शिक्षक होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते स्वतःच्या हातानें लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहाची हांक आली आणि त्यांनीं शाळा सोडली. टिळक मतभेदानें गेले, गुरुजी देशाच्या हांकेनें गेले. दोघेहि गेले तेव्हां त्यांच्या अंगांत बळ होतें. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे ते आपल्या पायांनीं चालत गेले.

कित्येक शिक्षक पोटासाठीं जातात. अनुदान नसलेल्या शाळांत वर्षानुवर्षें बिनपगारी अथवा नांवाच्या पगारावर शिकविणारे शिक्षक महाराष्ट्रानें पुष्कळ पाहिले. अशा शाळांना लावलेल्या 'कायम विनाअनुदानित' या बिरुदांतील 'कायम' हा शब्द २००९ सालीं पुसला गेला. त्यांतील पात्र शाळांस वीस टक्के अनुदान मिळावयास २०१६ साल उजाडलें. सन २००० पासून नव्या शिक्षकास आरंभीं तीन वर्षें 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर राहावें लागे. माध्यमिक शाळेंत तें मानधन दरमहा आठ हजार होतें, तें २०२३ सालीं अठरा हजार झालें. आठ हजारांत घरभाडें देऊन संसार करणारा तरुण दुसरीकडे निघून गेला, तर तो कंटाळला असें कोणीं म्हणूं नये. त्याचें भागत नव्हतें, एवढेंच.

आमच्या सहकाऱ्यांची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. त्यांचा पगार बरा होता. कोणाशीं भांडण नव्हतें. दुसरी कसली हांक आलेली नव्हती. अठरा वर्षें त्यांनीं गणित शिकविलें, आणि चांगलें शिकविलें; अपूर्णांकांना भिणारीं कित्येक मुलें त्यांच्या हाताखालून धीट होऊन गेलीं. मग एके दिवशीं वर्गांत त्यांच्यानें फळ्याकडे वळवेना. त्यांनीं आम्हांस सांगितलें, "खडू हातांत होता, उदाहरण तोंडपाठ होतें; पण वळावयाचें कशासाठीं, हेंच सुचेना."

या अवस्थेस इंग्रजींत 'बर्नआउट' म्हणतात. आम्ही तिला करपणें म्हणूं. न्यूयॉर्क शहरांत हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नांवाचे मानसशास्त्रज्ञ होते. दिवसा आपला व्यवसाय करून रात्रीं ते एका मोफत दवाखान्यांत राबत. तेथें जे तरुण कार्यकर्ते सर्वांत अधिक उत्साहानें आले होते, तेच कांहीं काळानें गळून गेलेले, चिडचिडे व उदास झालेले त्यांस दिसले. आणि स्वतः त्यांचीहि तीच गत झाली. १९७४ सालीं त्यांनीं त्यावर निबंध लिहिला आणि हा शब्द शास्त्राच्या चर्चेंत आणला. पुढें कॅलिफोर्नियांतील क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन या दोन विदुषींनीं १९८१ सालीं ही अवस्था मोजावयाची प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मतें तिचीं लक्षणें तीन. पहिलें, विश्रांतीनेंहि न जाणारा शीण. दुसरें, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्याविषयींच मन कोरडें होणें. तिसरें, आपल्या हातून आतां कांहीं होत नाहीं, पूर्वींहि झालें नसावें, अशी समजूत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं संमत केलेल्या व २०२२ पासून अंमलांत आलेल्या आपल्या रोगांच्या सूचींत या अवस्थेची नोंद घेतली आहे. मात्र तिला रोग म्हटलेलें नाहीं. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्यानें उद्भवणारी स्थिति, असें तिचें वर्णन आहे. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष मनुष्याच्या प्रकृतींत आहे असें समजून त्यास टॉनिक देत बसावें आणि काम होतें तसेंच ठेवावें, असें करून चालत नाहीं. (झोप, भूक व जगण्याची गोडीच गेली असेल तर गोष्ट निराळी, तेथें डॉक्टरांकडेच जावें, आणि तेंहि वेळीं.)

घरोघरच्या आयांना हें आमच्यापेक्षां चांगलें कळेल. तव्यावरची भाकरी करपते ती ज्वारी वाईट म्हणून नव्हे. ज्वारी चांगली असते, थापणारीचा हातहि चांगला असतो. कोणीं ती वेळेवर उलटली नाहीं, चुलींतलें लांकूड मागें ओढलें नाहीं, म्हणून ती करपते.

आतां तो जाळ कसला, तें सांगतों. गणिताचे सर गेले, म्हणून हें गणित आम्हीच करून दाखवितों. एका शिक्षकाकडे पांच तुकड्या, प्रत्येक तुकडींत पंचावन्न मुलें. एकूण वह्या दोनशें पंचाहत्तर. प्रत्येक वहीस तीनच मिनिटें दिलीं तर आठशें पंचवीस मिनिटें झालीं, म्हणजे पावणेचौदा तास. शाळेंत दिवसाचे आठ तास. त्यांतील सहा शिकविण्याचे. उरलेल्या दोहोंपैकीं एक बहुधा गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जातो. मग हे पावणेचौदा तास कोठून आणावयाचे ? घरून. पॅरिस येथें ५ ऑक्टोबर १९६६ रोजीं अनेक राष्ट्रांनीं मिळून शिक्षकांच्या दर्जाविषयीं एक शिफारसपत्र संमत केलें, त्याच दिवसाची आठवण म्हणून १९९४ पासून ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन पाळतात. त्यांत असें सुचविलें आहे कीं शिक्षकाचे तास ठरवितांना पाठाची तयारी व तपासणी यांना लागणारा वेळहि हिशेबांत धरावा. आपल्याकडील २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानेंहि पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीं आठवड्याचे पंचेचाळीस तास सांगतांना तयारीचे तास त्यांतच धरलेले आहेत. कायदा शहाणा आहे. वह्यांचा ढीग कायदा वाचीत नाहीं.

त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमांत, जनगणना, आपत्तींतील मदत व निवडणुका यांखेरीज शिक्षकांस शिक्षणाबाहेरच्या कामास जुंपूं नये असें म्हटलें आहे. त्यापूर्वीं, २००७ सालीं, दिल्लीच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, मतदारयाद्यांचें काम शिक्षकांस द्यावयाचेंच तर तें सुट्टीच्या व बिनतासांच्या दिवशीं द्यावें, असा निर्णय दिला होता. म्हणजे सुट्टी गेली, असाच त्याचा अर्थ. पण निदान वर्ग तरी वांचले. २०२४ सालीं राज्य शासनानें शैक्षणिक कामें कोणतीं व अशैक्षणिक कोणतीं यांची यादीच काढली. यादी निघाली याचा आनंद आहे. तरी सांजेला साडेपांच वाजतां "माहिती आजच भरावी" असा निरोप फोनवर येतो, तेव्हां तें काम कोणत्या यादींतलें हें पाहत बसावयास कोणास सवड नसते.

फोनाचा विषय निघालाच आहे, तर पालकांशीं थोडें स्पष्ट बोलूं. २०२० च्या मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि शाळा फोनांत शिरली. त्या वर्षीं ती शिरली हें ठीकच झालें. नाहीं तर मुलांची व आमची गांठच पडली नसती. परंतु शाळा उघडल्यावरहि ती फोनांतून बाहेर आली नाहीं. रात्रीं साडेदहाला "सर, उद्यांचा गृहपाठ काय ?" असा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. विचारणाऱ्याला वाटतें, आपण एकच प्रश्न विचारला. शिक्षकाकडे त्या रात्रीं आलेला तो विसावा प्रश्न असतो.

एवढें सर्व असूनहि नुसत्या श्रमानें शिक्षक करपतो असें आम्हांस वाटत नाहीं. उन्हांत तूर कापणारा मनुष्य आमच्यापेक्षां अधिक श्रमतो, आणि रात्रीं निवांत झोंपतो. शिक्षकाच्या कामांत आणखी एक गोष्ट आहे. आर्ली हॉकशिल्ड नांवाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८३ सालीं विमानांतील परिचारिकांवर ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं, कांहीं धंद्यांत हातपायांप्रमाणें मनहि मजुरीला लावावें लागतें. आंत कांहींहि असो, चेहरा प्रसन्न ठेवणें हेंच काम असतें. शिक्षकाचें तसेंच आहे. आपल्या जिल्ह्यांत तर अधिकच. घाटावर सोयाबीन सोंगणीला आलें आणि घाटाखालीं कापूस फुटला, कीं वर्ग निम्मा होतो. मुलें महिन्यानें परत येतात, तेव्हां तोच पाठ पुन्हां पहिल्यापासून, आणि पुन्हां पहिल्याच उमेदीनें, शिकवावा लागतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें २००६ सालीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं खास साहाय्य जाहीर केलें. त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्याबरोबर आपला बुलढाणाहि होता. वर्तमानपत्रांत तो आंकडा असतो. वर्गांत तो तिसऱ्या बांकावर बसलेला असतो, आणि त्याच्याकडे पाहून आपल्याला त्रिकोणाचें क्षेत्रफळ सांगावयाचें असतें. त्या मुलाशीं काय बोलावें, हें अध्यापक विद्यालयांत आम्हांस कोणीं शिकविलें नाहीं.

आतां आमची स्वतःची गोष्ट, कारण ती लपवून सहकाऱ्यांचीच सांगणें बरें दिसत नाहीं. तीन वर्षांमागील नोव्हेंबर महिना. शाळा सुटली होती आणि आम्ही संगणकापुढें बसून कसलासा तक्ता भरीत होतों. आठवींतील एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. "सर, एक सांगायचं होतं." आम्हीं मान वर न करतां म्हटलें, "उद्यां सांग." तो गेला. दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं, तिसऱ्याहि दिवशीं नाहीं. त्याचा बाप अंथरुणास खिळला होता आणि मुलगा आईबरोबर कापूस वेचावयास जाऊं लागला होता, हें आम्हांस आठ दिवसांनीं दुसऱ्या मुलांकडून कळलें. वाईट वाटावयास पाहिजे होतें. पण मनांत पहिला विचार आला तो असा कीं, चला, एक वही कमी झाली.

त्या विचाराची आम्हांस भीति वाटली. घरीं गेल्यावर मंडळींनीं नुसतें आमच्या तोंडाकडे पाहिलें आणि म्हटलें, "तुम्ही हल्लीं शाळेतून येतां, पण घरीं येत नाहीं." त्या रात्रीं आम्हीं राजीनामा लिहिला. खाजगी शाळांतील सेवकांविषयीं महाराष्ट्राचा १९७७ चा जो कायदा आहे त्यांत यासाठीं रीत घालून दिलेली आहे : राजीनाम्याच्या दोन प्रती लिहाव्या, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक रजिस्टर टपालानें व्यवस्थापनाकडे पाठवावी व दुसरी आपल्यापाशीं ठेवावी. कायम शिक्षकानें तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी असा नियम आहे. कोणीं दडपणानें शिक्षकाकडून राजीनामा लिहवून घेऊं नये, यास या रीतीनें आळा बसतो. आमच्यावर दडपण कोणाचेंच नव्हतें. दोन्ही प्रती सुवाच्य झाल्या, आणि दोन्ही खणांत राहिल्या.

त्या कां राहिल्या, याचें कारण मोठें नाहीं. घराचें कर्ज होतें. मुलगी दहावींत होती. शिवाय आम्हीं ती हकीकत मुख्याध्यापकांस सांगितली, तेव्हां त्यांनीं उपदेश केला नाहीं. कागद पुढें ओढून आमच्याकडील दोन समित्या कमी केल्या, तक्त्यांचें काम तिघांत वांटलें, आणि एक रिकामा तास खरोखरच रिकामा ठेवला. निर्गमाच्या पुस्तकांत मोशेच्या सासऱ्याची, इथ्रोची, गोष्ट आहे. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटा बसून साऱ्या लोकांचे तंटे सोडवीत असे. सासऱ्यानें तें पाहिलें आणि त्यास बजावलें कीं, अशानें तूं तर झिजशीलच, पण हे लोकहि झिजतील. काम वांटून दे. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. 'हे लोकहि' या दोन शब्दांकडे मात्र लक्ष कधीं गेलें नव्हतें. तो कापूस वेचावयास गेलेला मुलगा त्याच लोकांपैकीं होता. जानेवारींत तो परत आला. त्याला काय सांगावयाचें होतें, तें आम्हीं त्याला अजून विचारलेलें नाहीं. विचारण्याचा हक्क गमावला असें वाटतें.

आमच्या सहकाऱ्यांचीं लांकडें कोणीं ओढलीं नाहींत. त्यांत आम्हीहि आलों. ते शेजारच्याच खुर्चीवर बसत. त्यांचें हंसणें बंद झालें, डबा ते न उघडतांच घरीं नेऊं लागले, हें आम्हीं पाहिलें होतें. वय झालें, असें म्हणून सोडून दिलें. म्हणून आम्ही राहिलों हा आमचा मोठेपणा नव्हे, आणि ते गेले हा त्यांचा भ्याडपणा नव्हे. मन कोरडें पडल्यावरहि पगारासाठीं वर्गांत उभे राहणारे शिक्षक असतात. मुलांना तें पहिल्या दिवशींच कळतें. आपण तसे होऊं नये, म्हणून ते उठून गेले.

तेव्हां नववीच्या त्या चार मुलांस, म्हणजे आतां दहावीच्या, आमचें पुरें उत्तर असें : तुमच्या दंग्यामुळें सर गेले नाहींत. दंगा करणारा वर्ग त्यांना उलट आवडे. गप्प बसलेला वर्ग पाहिला कीं ते म्हणत, आज यांना कांहींच समजलेलें नाहीं. पुष्कळ दिवस पुष्कळ गोष्टी सांचत गेल्या, आणि तुमची गोष्ट त्यांतील सर्वांत लहान होती. सभेंतील त्या गृहस्थांस एवढेंच सांगतों कीं, मागच्या मृगांत तुम्ही ज्या दुकानांतून सोयाबीनचें बियाणें नेलें तेथें पिशवीवरचे आंकडे पाहून एकराला किती लागेल याचा हिशेब तुम्हांस ज्यांनीं कागदावर मांडून दिला, ते तेच. ते हिशेब मांडतांना आम्हीं पाहिले आहेत. पेन्सिल कानावर असते, आणि गिऱ्हाइकाला समजलें नाहीं तर ते दुसऱ्यांदा सांगतात.

दुकान बसस्थानकाच्या मागच्या रस्त्यावर आहे. मुलांनीं त्यांना भेटावयास जरूर जावें; त्यांना आवडेल, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. मात्र निदान यंदा तरी वह्या घेऊन जाऊं नका.